चौथा मुद्दा

सुभेदारांनी एकदाही "कुणी केलं?" असं विचारलं नाही. मला त्यांचा राग येण्याचं हे पहिलं कारण. बाकीची क्रमाने सांगते.

काही बिघडलं की गाव आधी माणूस शोधतं. माणूस सापडला की चार शिव्या हासडून घरी जाता येतं. सुभेदार ती सोयच ठेवत नसत. फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेला हा काटक माणूस प्रत्येक कामानंतर सगळ्यांना पंचायतीपुढच्या कडुलिंबाखाली बसवी आणि चार सवाल विचारी. काय ठरलं होतं? झालं काय? फरक का पडला? पुढच्या बारीला काय करायचं? जत्रेची पंगत असो की पाण्याची टाकी धुणं असो, काम संपलं की बसणं ठरलेलं. फौजेत सरावानंतर चहाच्याही आधी असंच बसतात, म्हणे. गाव त्यांना मागून 'चार सवाल' म्हणायचं, तोंडावर सुभेदार.

बसण्याचा नियम असा की ज्याचा मान सगळ्यात कमी, त्याने आधी बोलायचं. साहेब शेवटी. सरपंच एकदा चिडून म्हणाले, "मी सरपंच हाय, आधी मी बोलतो."

"तुमी बोलल्यावर मागच्यांनी काय निसत्या माना डोलवायच्या? बसा. तुमचा लंबर शेवटचा."

मी तेव्हा मनातून खूश झाले होते. माझी पाळी आली ती पंधरा ऑगस्टला. झेंडा अर्ध्यावर अडकला आणि मुलांनी राष्ट्रगीत संपवलं तरी उलगडला नाही. शाळेच्या कार्यक्रमाची यादी माझी होती. चुना, रांगोळी, खाऊ, पाहुण्यांच्या खुर्च्या, एकूण बावीस कामं, बावीस खुणा. सुभेदारांनी आम्हाला तिथेच पटांगणात बसवलं आणि खिचडी शिजवणाऱ्या रुक्मिणमावशींना पहिलं बोलायला लावलं.

मावशी पदर सावरत म्हणाल्या, "बाईनी दोरी उलटी ओवली. मी बघितलं की. पन सांगावं कसं, बाई यादी वाचायल्या होत्या."

सगळं गाव हसलं. सुभेदार हसले नाहीत, ते आणखी वाईट. ते म्हणाले, "मावशीला दिसलं, तरी मावशी बोलल्या न्हाईत. असं का झालं, ते लिवा." म्हणजे चूक माझी, लाजही माझी, आणि लिहायचंही मीच.

त्या दिवसापासून बसण्यातलं लिहून ठेवायची वही माझ्या गळ्यात पडली. मी तालुक्याच्या पूर्णेहून रोज स्कूटीवर येणारी शिक्षिका. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. त्यामुळे वही झकास झाली. मुद्दा लाल शाईत, खुलासा निळ्या, समासात तारीख. सुभेदार ती चष्मा लावून वाचत आणि म्हणत, "बाई, अक्षर लय देखणं हाय. पन ह्यातलं झालं किती?" कौतुकाचं वाक्य अर्ध्यावर मोडून टाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

गावाला एक ओढा आहे, तो पुढे नदीला मिळतो. ओढा आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात गोविंदा आणि त्याची बायको काशी यांचा मेंढरांचा वाडा असे. पाणी चढलं की त्या पट्ट्याचं बेट होतं. अशा वेळी अलीकडच्या काठावरच्या लिंबाला दोर बांधायचा, दुसरं टोक पलीकडे फेकायचं आणि दोराला धरून माणसं काढायची, हे सुभेदारांनी गावाला शिकवलं होतं. दोर शाळेच्या कोठीत असे. कोठीला कुलूप. चावी माझ्या पर्समध्ये.

एका पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा मी परभणीला प्रशिक्षणाला गेले होते. दोर निघालाच नाही. नशिबाने पाणी लवकर उतरलं. मेंढरं वाहून गेली, माणसं वाचली. बसणं झालं. मी लिहिलं : मुद्दा चौथा. कोठीची एक चावी गावात ठेवावी.

"कुणी करायचं?" सुभेदारांनी विचारलं. झालेल्याबद्दल 'कुणी' न विचारणारा हा माणूस करायच्या कामाला मात्र 'कुणी' विचारल्याशिवाय उठत नसे.

मी लिहिलं, 'शाळा'.

"शाळा म्हंजे भिंती. माणसाचं नाव लिवा."

मी माझं नाव लिहिलं. त्यांनी खाली सही केली. आणि चावी माझ्या पर्समध्येच राहिली.

कारण सांगते. कोठीत दोराशेजारी खिचडीच्या तांदळाची पोती होती. एक पोतं कमी भरलं असतं तर जबाब मला द्यावा लागला असता. गावात चावी कुणाला दिली आणि काही झालं तर? दिवाळीनंतर बघू, उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली की बघू, असं करत वर्ष गेलं. मुद्दा वहीत होता, लाल शाईत, त्यामुळे काम झाल्यासारखंच वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात रविवारी सकाळी रुक्मिणमावशींचा फोन आला. "बाई, ओढा फुगलाय. चावी कुठंय?" मी स्कूटी काढली, पण मधल्या पुलावरून पाणी जात होतं आणि पोलिसांनी रस्ता बंद केला होता. तिकडे गावात लोकांनी पहारीने कुलूप तोडायला घेतलं. कुलूप मजबूत होतं. मीच निवडून आणलं होतं. दोर निघून ओढ्यापर्यंत गेला तेव्हा काशी बाभळीला धरून होती. तिला काढलं. गोविंदा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला.

गावाला या वेळी माणूस शोधावा लागला नाही. मी कपाटातले कागद लावून ठेवले होते, निलंबनाचा आदेश येईल म्हणून. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. कुणीतरी मला तोंडावर बोलावं, शिक्षा द्यावी, आणि ती एकदाची संपावी.

तेरावं झाल्यावर सुभेदारांनी बसणं लावलं. मला वाटलं, हा माणूस निर्दय आहे. आजही तसंच वाटतं. त्यांनी पहिलं बोलायला लावलं काशीला.

काशी मान वर न करता म्हणाली, "दोर हाय म्हून आमी तिथं ऱ्हायलो. न्हाईतर वाडा वर हलवला असता." एवढंच.

मग सुभेदारांनी मला माझ्याच वहीतला चौथा मुद्दा वाचायला सांगितला. मोठ्याने, नावासकट. मी वाचला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाईच कारन हाय! बदली करा बाईची!"

"बसा खाली," सुभेदार म्हणाले. "बाई गेल्या तर कुलूप जातंय का? दुसरी बाई येईल, तिच्या पर्समधी चावी जाईल. चावी का ऱ्हायली ते सांगू द्या."

आणि त्यांनी मला सोलायला घेतलं. आवाज न चढवता. चावी का दिली नाही? तांदळासाठी. तांदूळ तिथेच का? दुसरी खोली गळते. खोली का गळते? वर कळवलंय, दोनदा. मग दोर तांदळाजवळ कशाला ठेवला? दोराला कुलूप लागतच नव्हतं. दोर कोण चोरणार होतं? कोठी होती म्हणून दोर कोठीत ठेवला. एवढं साधं मला वर्षभर सुचलं नव्हतं, कारण मी चावीचा विचार करत होते.

शेवटी ते स्वतः बोलले. "त्या मुद्द्याखाली माझी सही हाय. दर सोमवारी इचारायला पायजे होतं, चावी दिली का म्हून. न्हाई इचारलं. बाईचं अक्षर बघून निर्धास्त ऱ्हायलो." मग म्हणाले, "वर डोंगरात आमची चौकी होती. एका वाटंवर बर्फ घसरतंय असं आदल्या तुकडीनं कागदावर लिवून ठिवलं होतं. तो कागद पेटीत होता, पेटी आमच्याच तंबूत होती. माझे तीन जण त्याच वाटंनी गेले. कागद मी नंतर वाचला."

फौजेबद्दल ते गावापुढे एवढंच बोलले. मग वहीकडे बोट करून मला म्हणाले, "लिवा. दोर कुठं? कुणी करायचं? कधीपर्यंत?"

मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. त्यांनी माझी शिक्षाच काढून घेतली होती. शिक्षा झाली असती तर मी बदली घेऊन गेले असते, गावाला नावं ठेवली असती, हळूहळू विसरलेही असते. आता मला त्याच गावात, त्याच काशीसमोर, दोराला खुंटी ठोकायची होती. मी लिहिलं : मारुतीच्या देवळाची पडवी, उघड्यावर. माझं नाव. आजच. आणि काशी बघत असताना खुंटी ठोकली.

त्यानंतर सुभेदार दर सोमवारी दोर बघत. ओला असला की मला बोलावून घेत. "बाई, दोर वाळत घातला न्हाई. कुजल्यावर घालताव का?" एकदाही बरं म्हणाले नाहीत. मुलीकडे नाशिकला कायमचे जायला निघाले त्या दिवशी बस उभी असताना ते पडवीत गेले, दोर उतरवला, हातात फिरवून पाहिला, परत अडकवला. मी उभी होते. मला म्हणाले, "सोमवार ध्यानात ठिवा." निरोपाचं बोलणं एवढंच.

यंदा ओढा पुन्हा चढला. दोर खुंटीवरून निघाला तो थेट लिंबाला बांधला गेला. पलीकडे काशी आणि तिचा दीर होते. दोघंही बाहेर आले. गावाने गूळ वाटला. माणसं घरी निघाली तेव्हा मी म्हणाले, "बसा."

"आता कशाला, बाई? सगळे वाचले की!" सरपंच म्हणाले.

"तुमचा नंबर शेवटचा. काशी, तू बोल."

काशी ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "दोर दोन हात कमी पडला. शेवटाला उडी मारावी लागली."

मी लिहून घेतलं. मग सुभेदारांना फोन लावला. मला वाटलं, आता तरी बरं म्हणतील.

"सगळे वाचले, सुभेदार."

"दोर पुरला का?"

"दोन हात कमी पडला."

"कुणाचं नाव लिवलंय?"

"माझं."

"कधीपर्यंत?"

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडकळसच्या बाजारात गेले, दहा हात जास्तीचा दोर घेतला, दुपारी खुंटीला लावला, काशीकडून ओढवून बघितला, आणि मगच मुद्द्यापुढे खूण केली. सुभेदारांना मात्र काम झाल्याचं कळवलेलं नाही. एवढी तरी शिक्षा त्यांना असू दे.