सरपंचांच्या दारातली गाडी

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत अकोले या तालुक्याच्या गावाहून आमच्या डोंगरातल्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी सुरू झाली. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि पहाटे गाडी परत निघायची. तिच्यामुळेच मी आणि माझी मैत्रीण अकोल्याच्या हायस्कुलात जाऊ शकलो. नववीत पोचलेल्या गावातल्या आम्ही दोघीच मुली. गाडी गेली की शाळा गेली, इतकं साधं होतं.

गाडी वळवायला जागा फक्त सरपंचांच्या दारात होती. म्हणून ती तिथेच उभी राहायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर जेवायचेही त्यांच्याकडेच. झालं! माझ्या मैत्रिणीचा बाप सरपंचांचा चुलतभाऊ, पंचायतीतला मेंबर. त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

“गाडी सरकारची आन् उभी ह्याच्या दारात? ह्याच्या बापाची हाय का?” पारावर बसून तो येईल त्याला विचारायचा. ऐकणारे माना डोलवायचे. त्यांच्या तरी दारात ती कुठे उभी राहत होती?

एका पहाटे वळणावर आडवा चर खणलेला दिसला. ड्रायव्हरने शिव्या घालत तो दगडांनी बुजवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा चर. कुणी खणला ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि एकजण बोलेल तर शपथ. शेवटी डेपोचा साहेब जीपमधून आला, गाव चावडीसमोर जमवलं आणि म्हणाला, “रस्ता नीट ठेवणार की गाडी बंद करू?”

मेंबर उठला. “रस्ता धोक्याचा हाय सायेब. गाडी नगं.”

मग एकेक हात वर झाला. शाळेच्या पत्र्यांसाठी ज्या गावाची कधी एकी झाली नाही, त्याची इथे झाली. सरपंच एकटे पडले. हात वर करणाऱ्यांत माझे वडीलही होते. साहेबालाही बरंच झालं, एक कटकट मिटली. त्या हातांची मला आजही किळस येते.

दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघी त्याच मेंबरच्या वावरात भात कापत होतो. तो बांधावर येऊन उभा राहिला. मैत्रिणीने विळा खाली ठेवला.

“आबा, आमी आता शाळंत जायाचं कसं?”

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली गावात सरपंचांचं घर दिसत होतं, तिकडे बोट करून म्हणाला, “त्ये बघ आदी. कसं मोकळं पडलंय त्याचं दार!”

इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता.