हळद्याचं काजळ

पक्ष्यांच्या नव्या यादीत हळद्याच्या दोन जाती केलेल्या पाहिल्या आणि डोकंच फिरलं. जुनी डायरी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि नव्वद सालच्या आसपासचा शेलार गावातला शेताचा बांध आठवला.

आंब्यावरचे दोन पिवळेधमक पक्षी दाखवत शेतकरी गोमादादा म्हणाले होते, "मास्तर, याच्या डोल्यातला काजल पार पाठी गेलाय, त्याचा न्हाय. दोन येगली जात हाय."

मी पुस्तक उघडलं. "दादा, जात एकच आहे."

"बरा. तुमी पुस्तक बघा, मी पाखरू बघतो."

पुढच्या सगळ्या वर्षांत मी नुसतंच 'हळद्या' लिहीत गेलो. आता कुठला कोणता, कसं सांगू? त्या दिवसाची नोंद मात्र ठसठशीत आहे: 'हळद्या, दोन. गोमादादांची चूक दुरुस्त केली.'