काठीवर नाही, हातावर

सकिना सोलकर खोटं बोलली ते अवघं एक वाक्य, तेही शाळेच्या जिन्यात, घाईघाईत. पण त्या वाक्याने पुढे आठ दिवस तिची झोप उडवली.

सकिना रत्नागिरीतल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. वय बेचाळीस, आवाज असा की शिट्टी विसरली तरी अडत नाही. शाळा सुटली की मांडवीच्या एका छोट्या सभागृहात ती बारा मुलींना अर्निस शिकवते. अर्निस म्हणजे फिलिपिन्सची काठीची लढाई, हातभर लांब वेताच्या काठीची. मुंबईत दोन दिवसांचं शिबिर करून ती हे शिकून आली होती. तिथल्या गुरूंनी काळा पट्टा बांधला, रंगीत प्रमाणपत्र दिलं, सोबत फोटोही काढला. दोन दिवसांत माणसाला धड पोहता येत नाही, पण काळा पट्टा मिळतो! तेव्हा मात्र बाईंना यात काही वावगं दिसलं नाही. बारा मुली समोरासमोर उभ्या राहून काठीवर काठी मारू लागल्या की असा ठेका जमायचा, की न्यायला आलेले पालक मोबाइल काढून उभे राहत.

या बारांत सगळ्यात तयार वेदिका. त्याच शाळेत अकरावीला, सडपातळ, सांगितलं ते शंभरदा करणारी. एका संध्याकाळी क्लासवरून घरी जाताना एक दारुडा हातात फळकूट घेऊन तिच्या अंगावर आला. वेदिकाकडे छत्री होती. तिने पवित्रा घेतला आणि शिकवल्याबरहुकूम मारलं, थेट फळकुटावर. छत्रीची दांडी वाकली. तो हसला आणि पुढचा फटका वेदिकाच्या खांद्यावर बसला. ती पळाली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात तिने विचारलं, "बाई, मी बरोबर मारलं होतं ना? तुम्ही शिकवलंत तसंच मारलं."

"तुझा वेग कमी पडला," सकिना म्हणाली.

पोरीने मान डोलावली. त्या दिवसापासून ती क्लासला अर्धा तास आधी येऊन एकटीच टांगलेल्या टायरवर काठी मारू लागली. सुजलेला खांदा घेऊन. सकिना ते रोज दारातून बघायची.

तिने मुंबईला गुरूंना फोन लावला. समोरचा खरंच मारायला आला तर काय करायचं, असं विचारलं. पुढच्या पातळीच्या शिबिराला या, असं उत्तर आलं. "सर, तुम्ही स्वतः कधी कुणाशी खरं लढलायत का?" असं तिने विचारताच फोन कट झाला. नेटवर पाहावं तर दहा उस्तादांची दहा मतं. कोण खरा आणि कोण नुसता पट्टा बांधलेला, कळायचं कसं?

शेवटी बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने, फैझानने, वाट दाखवली. "आपा, तू मुंबई कशाला धुंडाळतेस? राजिवड्याच्या मुसाचाचाकडे जा. सारंग होता तो, सगळ्या खलाशांचा मुकादम. फिलिपिन्सच्या सेबू बेटाचा एक म्हातारा आचारी वीस वर्षं त्याच्याबरोबर होता. त्याच्याकडून काठी शिकलाय."

मुसाचाचा सत्तरीचा, वाळलेल्या शेंगेसारखा. सकिनाने त्याला दारुड्याची हकीकत सांगितली; जिन्यातलं वाक्य तेवढं गाळलं. चाचाने ऐकून घेतलं, तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज उरकली आणि चाचीला परसाच्या दारात पाट टाकून बसवलं. परक्या बाईला एकटीला शिकवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

"ठेका मोजायचा नाय," तो काठी उचलत म्हणाला. "आणि ज्याला लागला त्यानाच बोलायचा, लागला म्हणून. इथं पंच कोण नाय."

तो एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा उभा राहिला. सकिनाने जोरात मारलं, पण चाचाची काठी तिथे नव्हतीच. ती तिच्या बोटांच्या पेरांवर होती. हलकीच. सकिना गप्प राहिली. दुसऱ्यांदा मनगटावर. ती दात आवळून गप्प राहिली. तिसरा फटका अंगठ्यावर असा आला की काठी हातातून उडाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चाचाने आपली काठी भिंतीला टेकवली. "जा तू."

"काय झालं?"

"तीन लागले. एक पण बोलली नाय."

"पहिले दोन हलके होते, चाचा."

"हलके मी मारले. तो बेवडा हलके मारील? लागलेला लपवतो त्याला मी शिकवत नाय. त्याचा मार मग दुसऱ्याच्या पोराला बसतो."

सकिनाचं तोंड लाल झालं. शंभर पोरींना एका हाकेत रांगेत उभं करणारी ती, आणि हा म्हातारा तिला दार दाखवतो! तिने चपला घातल्या. परसाच्या गडग्यापर्यंत गेलीही. तिथे मात्र तिचे पाय अडले.

"मी त्या पोरीला खोटं सांगितलं," ती पाठमोरीच म्हणाली. "तिचा वेग कमी पडला म्हटलं. मला स्वतःलाच ते येत नव्हतं."

चाची दारातून नवऱ्याला म्हणाली, "बोलली ना ती आता?" आणि सकिनाला, "उचल गो ती काठी."

मग चाचाने विचारलं, "तो लाकूड तुझा दुश्मन हाय? लाकूड धरलाय कोणी? हातान. मग हातावर मार!"

सूर्यास्ताला मगरिबची अजान होईपर्यंत सकिना इतक्यांदा "लागला" म्हणाली की चाचीला हसू आवरेना. एकदा, एकदाच, चाचालाही तो शब्द उच्चारावा लागला.

दुसऱ्या दिवशी क्लासला मुली रांगेत उभ्या राहिल्या. मागे चार-पाच पालकही होते. शाळेत कळेल, क्लास बंद पडेल, गावात हसं होईल, सगळं तिला स्वच्छ दिसत होतं.

"दोन वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "काठीवर मारायचं नसतं, काठी धरलेल्या हातावर मारायचं असतं. मला ते माहीत नव्हतं. वेदिकाचा वेग कमी पडला नव्हता. मी तिच्याशी खोटं बोलले."

एक पालक मुलीचं दप्तर उचलून तिला घेऊन बाहेर पडले. वेदिका जागची हलली नाही.

"मी रोज येऊन टायरवर मारत होते," ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात."

"हो. बघत होते."

सकिनाने काठी पुढे धरली. "मार."

वेदिकाने मारलं. काठीवर नाही. फटका उजव्या हाताच्या पेरांवर बसला, रागाने, पूर्ण ताकदीने, कालच्याच सुजेवर, आणि सकिनाची काठी घरंगळत भिंतीपाशी गेली.

वेदिकाने जाऊन ती काठी उचलली, बाईंच्या डाव्या हातात दिली आणि पुन्हा समोर येऊन उभी राहिली.