तळव्यातली टाचणी

मैलापूरच्या बाजारात पाडव्याआधी आंब्याच्या डहाळ्यांचा वास आला, की माझं डोकं अजून तापतं. एका पाडव्याला सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले, तर बोटांना ओलं लागलं. पाय उचलून पाहते तो तळव्यात टाचणी रुतलेली. सकाळी तोरण लावताना माझ्याच हातून पडलेली. मधुमेहाने त्यांचे पाय बधिर झालेले, डॉक्टरांनी घरातही चपला घालायला बजावलेलं. "सणाच्या दिवशी घरात चपला? आणि दुखतंय कुठं मला?" ते हसले. "दुखत नाही म्हणूनच तर पाय कापायची पाळी येते!" मी ओरडले. पाहुण्यांना माझं बोलणं अभद्र वाटलं. त्याच पायांवर सगळ्यांनी डोकं टेकवलं होतं, तळवा एकानेही पाहिला नव्हता. आता दर सणाला मी वाकायच्या आधीच सांगते, "आशीर्वाद नंतर द्या, बाबा. आधी तळवे दाखवा."