उपासाची जड पिशवी

आगाशेकाकांचा उपास असला की त्यांची पिशवी दोन हातांनी उचलावी लागे. एरवी ती त्यांच्या एका बोटावर लटकत असायची. महिन्याच्या दोन्ही एकादश्या ते न चुकता करत आणि त्या दिवशी बालीगंज स्टेशनावर ते लांबून दिसले तरी आजची तिथी कळायची, कारण पिशवीकडचा खांदा चांगलाच खाली झुकलेला असे. मी पहिल्यांदा ती पिशवी हातात घेतली आणि विचारलं, काका, उपास आहे ना, मग यात काय आहे? तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "उपासच आहे की. काळजीपूर्वक धर, खाली कीस आहे."

"एकादशी आणि दुप्पट खाशी" हे मी नागपुरात लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ज्याला बघून कुणीतरी ते पहिल्यांदा म्हटलं असावं असा माणूस मला भेटला तो कलकत्त्यात.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बजबजच्या एका तागाच्या गिरणीत मी हिशेबनीस म्हणून नवा नवा लागलो होतो आणि आगाशे तिथे लेबर ऑफिसर होते. त्यांचा जन्मच कलकत्त्यातला. घरात मराठी, बाहेर बंगाली आणि राग आला की दोन्ही, असा त्यांचा हिशेब. मला खोली मिळाली ती त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे रोज सकाळी आम्ही बरोबर गाडीला निघायचो आणि गाडी सुटायच्या आत माझा डबा उघडून त्याची परीक्षा व्हायची. मी ब्रेडला लोणी फासून आणायचो. काका ते डोळे भरून बघायचे आणि हलकेच झाकण लावायचे. कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडल्यावर दार लोटून घ्यावं, तसं.

त्यांच्या घरी करायचं काकूंनी आणि भरायचं काकांनी, ही वाटणी ठरलेली. काकूंनी कडबोळी तळून परातीत ठेवली की त्यांचं काम संपलं. पुढे काका बाह्या सरसावून बसत. दशम्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळायच्या, लसणाची चटणी वेगळ्या डबीत, ओला नारळ या हवेत दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही म्हणून त्याला मज्जाव. चिवडा दाबून भरलेला त्यांना खपत नसे. "त्याला उसासा टाकायला जागा ठेवावी," म्हणत. काकूंनी एकदा मदतीला हात पुढे केला तर तो त्यांनी पळीनं बाजूला केला. काकू मला सांगायच्या, "बोहल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही रे. रुखवतातल्या डब्यांकडे बघत होते."

याशिवाय एक पत्र्याचा डबा त्यांच्या कचेरीतल्या कपाटात कायमचा मुक्कामाला असे. त्याचं नाव घेरावाचा डबा. त्या दिवसांत घेराव म्हणजे नित्याची गोष्ट. कामगारांनी साहेबाच्या खोलीला वेढा घालायचा आणि मागणी मान्य होईस्तोवर कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही. कधी दुपारचा चहा चुकायचा, कधी रात्र आतच जायची. खारे दाणे, खजूर, भडंग असा ऐवज काका त्या डब्यात ठेवत आणि दर महिन्याला तपासून बदलत. घेराव काय बायकोला विचारून येतो का, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे घेराव घालणाऱ्यांनाही तो डबा माहीत होता. दारातून एखादा हात आत यायचा आणि काका त्या तळव्यावर मोजके दाणे ठेवायचे.

या मंडळींचा पुढारी निमाईबाबू. सडपातळ, चष्मेवाला, आवाज मात्र भोंग्यासारखा. देव मानायचा नाही, पण आई मानायचा. घरी विधवा आई आणि हा एकुलता एक. काकांशी त्याचं भांडण रोजचं आणि चहाही रोजचा.

आता मुख्य गोष्ट. माझं लग्न ठरलं होतं, नागपुरात. परवा सकाळी मुहूर्त आणि आज संध्याकाळी हावड्याहून गाडी. ती चुकली तर मी नसलेलं माझं लग्न लागणार होतं. मॅनेजरसाहेबांनी सकाळची रजा काही दिली नाही. अर्धा दिवस भरा आणि जा, म्हणाले. मी खांद्याला पिशवी लावूनच कामावर आलो, साहेबांच्या सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो, आणि बाहेर घोषणा सुरू झाल्या.

झालं होतं असं की कामगारांना दुपारी मुडी खायला एक छोटी सुट्टी असे. मुडी म्हणजे आपले मुरमुरे. कागदाच्या पुड्यात मुडी, वर मोहरीचं तेल, मिरची, कांदा. साहेबांनी ती सुट्टी निम्मी केली होती. काकांनी त्यांना आधीच बजावलं होतं की साहेब, माणसाचा पगार अडवा एक वेळ, पण मधल्या वेळचं खाणं अडवू नका. साहेबांनी ऐकलं नाही. आता खोलीत साहेब, काका आणि नवरदेव, अन् बाहेर सगळी गिरणी.

मी दारातून निमाईबाबूला माझं लग्न असल्याचं सांगितलं. तो हसलासुद्धा नाही. मागच्या घेरावात एक कारकून बहिणीच्या लग्नाच्या नावाखाली सुटला होता आणि थेट पोलीस घेऊन आला होता. तेव्हापासून लग्न, बारसं, आजारपण, काही चालणार नाही असा ठराव झाला होता. मी परत येऊन खुर्चीत बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मुलगी मला पसंत होती हो.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या पिशवीकडे बघितलं. त्या दिवशी एकादशी होती. उठले, दारात गेले आणि एकदम दारालाच टेकले. निमाईबाबूनं विचारलं, काय झालं? काका क्षीण आवाजात म्हणाले, काही नाही, आज एकादशी. सकाळपासून भात नाही, पोळी नाही, डाळ नाही.

यातलं अक्षरसुद्धा खोटं नव्हतं. पण बंगालात एकादशी म्हणजे विधवा बायकांचा उपास, आणि तोही असा कडकडीत की पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. निमाईबाबूनं लहानपणापासून आईला त्या दिवशी सुकलेल्या ओठांनी भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं होतं. बायको जिवंत असलेला धडधाकट पुरुष एकादशी का करतो हे त्याला उमगेना, पण चेहरा मात्र उतरला. उपाशी माणसाला कोंडून ठेवायचं नाही, आगाशेबाबूंना घरी जाऊ द्या, असं त्यानं जाहीर केलं. काका म्हणाले, एकट्यानं चालवत नाही, या मुलाला बरोबर द्या. तेही मिळालं.

आम्ही निघालो. काकांचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात त्यांची ती पिशवी. दोन्ही बाजूंना कामगार हात जोडून वाट देत होते आणि काका मधूनच डोळे मिटून कण्हत होते. माझ्या कानात मात्र पुटपुटत होते, "पिशवी आडवी करू नकोस. किसाचं तेल बाहेर येईल." फाटक अगदी समोर दिसत होतं. एवढ्यात निमाईबाबू मागून धावत आला. या पोरानं एकट्यानं किती ओढायचं, म्हणून त्यानं भल्या मनानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि तिच्या वजनानं पुढे वाकला.

तो थांबला. सगळे थांबले. त्यानं खाली बसून पिशवी उघडली आणि डबे एकेक करून बाहेर मांडले. साबुदाण्याचे वडे. बटाट्याचा कीस. रताळ्याच्या गोड फोडी. दाण्याचे लाडू. केळ्याचे काप. वर दह्याची बरणी. मागून कुणीतरी म्हणालं, साबू तर आजाऱ्याला देतात, बाबू आजारी आहेत काय? निमाईबाबूनं चष्मा वर केला.

"आगाशेबाबू, हा तुमचा उपास?"

"हो," काका म्हणाले. आता ते एकदम सरळ उभे होते.

"मग तुम्ही जेवता तेव्हा काय करता?"

पहिल्यांदा फाटकावरचा दरवान हसला. मग जे हसू पसरलं ते पार आतल्या यंत्रांपर्यंत गेलं. मी मात्र हसत नव्हतो. माझी गाडी गेली, मुहूर्त गेला, सासरा आता लाठी घेऊन येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

हसू ओसरल्यावर काका म्हणाले, "निमाई, उपास खोटा नाही. तुला तो ओळखता आला नाही, एवढंच. आमच्या मुलखात असाच करतात. याचं लग्नही तसंच खरं आहे. याला सोड, मी परत आत जाऊन बसतो. आठवड्याभरात हा हळदीच्या हातानं परत आला नाही, तर मला महिनाभर कोंड. डबा मात्र रोज आला पाहिजे."

निमाईबाबू डब्यांपासून उठला आणि फाटकातून बाजूला झाला. मग मला म्हणाला, पळ. काकांनी तरीही मला थांबवलं. तिथेच फाटकात उकिडवं बसून त्यांनी निम्मे वडे एका डब्यात नीट रचले, मध्ये केळीचं पान घातलं, कोपऱ्यात लाडू बसवले. माझा जीव वर-खाली होत होता आणि हा माणूस झाकण बरोबर बसतंय का ते बघत होता. "नागपूर लांब आहे. लोणी-ब्रेडवर बोहल्यावर चढू नये," म्हणाले आणि उरलेली पिशवी घेऊन आत गेले.

गाडी मिळाली. लग्न झालं. माझ्या बायकोनं माझ्या हातचं पहिलं खाल्लं ते त्या डब्यातला उरलेला दाण्याचा लाडू.

माघारी आत काय झालं ते मला नंतर दहा तोंडांनी कळलं. संध्याकाळपर्यंत साहेबांना भूक असह्य झाली. काकांनी त्यांच्यापुढे वड्याचा अर्धा तुकडा ठेवला. साहेब म्हणाले, बाकीचा? काका म्हणाले, सुट्टी निम्मी, तर वडाही निम्मा. साहेबांनी आधी रागानं काकांकडे, मग वड्याकडे आणि शेवटी खिडकीबाहेर बघितलं, आणि मुडीची सुट्टी पूर्ववत झाल्याचं सांगितलं. राहिलेला अर्धा वडा काकांनी लगेच दिला. तत्त्वाला पक्के होते.

मी परत आलो तेव्हा निमाईबाबूनं खरोखरच माझे हात उलटेपालटे करून हळद तपासली. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. जाताना त्यानं काकांना बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे विधवा बायका या दिवशी काय करतात? काका म्हणाले, त्याही हेच खातात. माझी आई तर माझ्यापेक्षा जास्त खायची.

पुढच्या एकादशीपासून काकांच्या पिशवीत एक छोटा गोल डबा वाढला. त्यात गुळाचे दाण्याचे लाडू, निमाईबाबूच्या आईसाठी. म्हातारीनं आधी आगाशांची जात, गोत्र, चूल सगळं विचारून घेतलं. डबा तसाच परत आला. दुसऱ्या वेळीही परत आला. काका पुन्हा भरत. काकू चिडल्या, कशाला त्या बाईचा नेम मोडता? तर म्हणाले, "मी नेम मोडत नाही. मी डबा भरतो." कितव्या तरी वेळी डबा रिकामा आणि घासून लख्ख केलेला परत आला. त्या दिवशी काका गाडीत बालीगंजपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी थट्टा करायला गेलो, तर काका रडत होते.

ते गेले अचानक, निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना. छातीत कळ आली आणि डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं. काकूंनी खाणंच सोडलं. मुलगी पुण्याहून आली, माझी बायको दोन्ही वेळा ताट घेऊन जायची, पण काकू दोन घास चिवडून उठायच्या. आम्ही सगळे हरलो.

मग त्यानंतरची पहिली एकादशी आली. सकाळी दारात निमाईबाबू उभा आणि त्याच्या मागे पांढऱ्या लुगड्यातली त्याची म्हातारी आई. बजबजहून गाडीनं आलेली. हातात तोच गोल डबा. काकूंसमोर बसून तिनं झाकण काढलं. आत साबुदाण्याची खिचडी होती, म्हणजे तिला खिचडी म्हणावं असं तिच्यात फारसं काही नव्हतं. एक पिवळाजर्द गोळा होता आणि त्याला मोहरीच्या तेलाचा वास येत होता.

काकूंनी नको म्हणून मान हलवली. म्हातारीनं काकूंना बौमा, म्हणजे सूनबाई, अशी हाक मारली आणि ती तिच्या बंगालीत जे बोलली ते निमाईबाबूनं आम्हाला समजावून सांगितलं, "बौमा, तुझ्या नवऱ्यानं माझ्या मुलाला सांगितलं होतं की तुमच्या देशात विधवाही आज खातात. त्याच्या शब्दावर मी जन्माचा नेम सोडला. तो खरं बोलला होता की खोटं, ते आज मला बघायचंय."

काकू त्या गोळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला, एक घास तोडला आणि तोंडात घातला. चावता चावता त्यांच्या चेहऱ्यावर, किती दिवसांनी, हसू आलं.

"हळद घातलीय हो यात," त्या मला मराठीत म्हणाल्या. "उपासाला हळद चालत नाही. हे असते तर म्हणाले असते, मोडला उपास."

आणि त्यांनी दुसरा घास घेतला.