लाल टॅगला हात न लावता

गणितात एम.एस्सी. होऊनही मी लिनक्स ही संगणकप्रणाली शिकलो ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि एका इलेक्ट्रिशियनकडून. जामुलच्या रस्त्यावरील आमच्या कारखान्याच्या भांडारात माझ्या या गुरूंनी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्सचा संगणक उभा केला होता. साहेबांची परवानगी चाचणीपुरती होती. दर सोमवारी बारापर्यंत सुट्या भागांची यादी छापून मिळाली तर लिनक्स राहील. एकदा जरी चुकली, तरी जुनी रजिस्टरे कपाटातून पुन्हा निघतील. त्या रजिस्टरांत माझी चोवीस वर्षे गेली होती. परत जाण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती, परंतु हे कोणाजवळ बोलण्याइतके धैर्यही नव्हते.

गुरूंनी मला सर्वाधिकाराचा, म्हणजे ‘रूट’चा, पासवर्ड देऊन ठेवला होता. तीन महिने मी तो वापरला नाही. साहेब जेवायला गेले असता त्यांच्या खुर्चीत जाऊन बसावे, तसे मला वाटे.

“भाऊ, काऊन घाबरून राहिले? चावते काय तो?” गुरू विचारत.

“चावत नाही. पण माझ्या हातून काही पुसले गेले तर?”

“मी आहो ना!”

पुढच्याच शनिवारी ते मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस गोंदियाला गेले.

सोमवारी ठरल्या वेळी आपोआप यादीची चार पाने निघाली आणि प्रिंटर गप्प झाला. मुख्य संगणकापाशी धावलो, तर कीबोर्डला लाल टॅग बांधलेला: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ खाली गुरूंची सही. शनिवारी संगणकाच्या पंख्यातील धूळ काढताना त्यांनी तो सवयीने बांधला होता आणि लग्नाच्या घाईत सोडायचे राहून गेले होते.

कारखान्यात टॅग ज्याने बांधला, त्यानेच सोडायचा. यंत्राच्या आत माणूस असू शकतो. संगणकाच्या डब्यात माणूस मावत नाही हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. तरी पुढे कोणी होईना. साहेब आले. त्यांची उमेदीची वर्षे भट्टीवर गेलेली.

“मी नाई सोडत,” ते म्हणाले. “उभ्या नोकरीत दुसऱ्याचा टॅग सोडला नाई. बारा वाजले का रजिस्टर काढा.”

ते गेल्यावर टायपिस्ट बाई माझ्याकडे वळल्या. “तीन महिने काय लोणचं घालाले शिकले?”

त्या शेजारच्या खोलीत बसत. त्यांच्या टेबलावरील टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, तारेने याच संगणकाला जोडलेले होते, आणि त्याला टॅग नव्हता. मी त्यांची खुर्ची मागितली.

रूटचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पडद्यावरचे डॉलरचे चिन्ह जाऊन तिथे रूटची खूण, फुलीगोळ्याच्या खेळातली चौकट, आली. मी जणू साहेबांच्या खुर्चीत बसलो होतो. अडकलेले छपाईचे काम शोधले, ते बंद करण्याची आज्ञा लिहिली आणि थांबलो.

“बाई, देऊ का?”

“द्या ना! आता मुहूर्त पाहता काय?”

दिली. छपाई नव्याने सुरू करण्याची दुसरी आज्ञाही दिली. पलीकडे प्रिंटर करकरला. तो आवाज ऐकताच मी रूटमधून बाहेर पडलो, आणि का कोण जाणे, खुर्ची रुमालाने पुसली.

बाराला दहा कमी असताना साहेबांनी यादी पाहिली. मग वाकून टॅगची गाठ पाहिली.

“हात नाई ना लावला?”

“नाही साहेब. शेजारच्या खोलीतून केले.”

“शेजारच्या खोलीतून!” ते म्हणाले. “भट्टीले असं दुरून पाहिजे होतं.”

मग त्यांनी खिशातून एक कोरा लाल टॅग काढला, माझी सही घेतली आणि रजिस्टरांच्या कपाटाला तो माझ्याच हातून बांधवून घेतला.

“सोडाचा तं आता तुमीच सोडा,” ते म्हणाले.

मी सेवानिवृत्त झालो. तो टॅग मात्र सोडलेला नाही.