गावं रिकामी करण्याचं काम

नाना गेला तेव्हा मी शाळेत होते. सुरतेत गोडादऱ्याला मी शिकवते त्या मराठी शाळेची मधली सुट्टी संपत आली होती आणि फाटकाशी माझे यजमान उभे दिसले. कारखाना सोडून ते भरदुपारी कधी येत नाहीत. मी जवळ गेले, तर एवढंच म्हणाले, "वहिनींचा निरोप आलाय. चल." रिक्षा नाना राहायचा त्या उधन्याच्या दिशेने वळली तेव्हा त्यांनी माझा हात धरला... मग विचारण्यासारखं काही उरलंच नाही. जेवण करून खुर्चीत पेपर वाचत बसलेला नाना तसाच गेला होता. वहिनींना आधी वाटलं, डोळा लागलाय.

त्याला आता दीड महिना होईल. प्रभाकर बोरसे, माझा थोरला भाऊ. भेटायला आलेले लोक "फार मोठे साहेब होते" म्हणत राहिले, पण साहेब कशाचे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अमळनेरकडच्या आमच्या गावातून तो लष्करात गेला आणि तिथून पुढे संरक्षण खात्याच्या दिल्लीतल्या एका कचेरीत. त्या कचेरीकडे अणुकेंद्रांच्या सुरक्षेचं काम होतं. कुंपण कसलं हवं, पहारा कुठे हवा, माल नेणाऱ्या गाड्यांच्या मागेपुढे कोण असावं... इतपतच तो घरी बोलायचा. आई विचारायची, "पण तू दिवसभर करतोस काय रे?" तो म्हणायचा, "काही घडू नये म्हणून बसून असतो." आईला ते काम वाटायचं नाही.

नव्वदनंतर त्याला आमच्या बाजूला धाडलं. इथल्या एका अणुकेंद्रात काही विपरीत घडलं, तर आसपासची गावं कशी रिकामी करायची, याची योजना त्याने आखायची होती. वहिनींना घेऊन तो उधन्याला राहायला आला. आम्हाला वाटलं, आता भाऊ जवळ आला. तो मात्र जीपमधून गावोगाव हिंडत असे. भोंगा वाजला की लोकांनी दारं लावून घरात बसायचं, वाटलेल्या आयोडीनच्या गोळ्या घ्यायच्या, बस येईल तेव्हा बायका-मुलांनी आधी चढायचं. एका गावात सराव झाला, तर माणसं नवे कपडे घालून जत्रेला यावं तशी रस्त्यावर आली. सरपंचांनी नानाला हार घातला. एका म्हातारीने गोळी पदराला बांधून ठेवली आणि त्याला विचारलं, "साहेब, मारी भेंसनुं शुं?" माझ्या म्हशीचं काय? हे सांगताना नाना पोट धरून हसला होता. त्याच्या योजनेत म्हैस नव्हती. पुढच्या महिन्यात त्याने गुरांसाठी ट्रक मागितले. दिल्लीने नाही म्हटलं. पण तेव्हा त्याचा आपल्या कामावर विश्वास होता. नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात, असं तो म्हणायचा.

मग चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. आधी अफवा आली, मग दवाखान्यांना कुलपं लागली. आमच्या गल्लीतले डॉक्टर सगळ्यांच्या आधी गाव सोडून गेले. औषधांच्या दुकानांत गोळ्या मिळेनात. कापडाचे लूम बंद पडले आणि उधन्यात कधी नव्हे ती शांतता झाली. त्या शांततेचीच जास्त भीती वाटायची. आम्ही मुलांना घेऊन गावी जायचं ठरवलं. नाना आम्हाला पोचवायला उधना स्टेशनवर आला.

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाला रुमाल बांधलेली सगळी खानदेशी माणसं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. गाडी थांबायच्या आतच लोक खिडक्यांना लोंबकळले. नाना बाकावर चढला आणि कवायतीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "पहले औरतें और बच्चे! लाइन बनाओ!" त्या आवाजापुढे म्हणे कधी पलटणी थबकत असत. तिथे कोणी मानसुद्धा वळवली नाही. कोणाचा तरी धक्का लागून तो बाकावरून खाली पडला.

तो उठत होता तेव्हा त्याच्या शेजारी एका माणसाने आपली चार वर्षांची मुलगी खिडकीतून आत दिली. आतल्या कोणीतरी हात पुढे करून तिला घेतलं. तो माणूस दाराकडे धावला, पण दारात माणसांची भिंत होती. गाडी हलली. तो आणि नाना दोघेही फलाट संपेपर्यंत गाडीमागे धावले. हे मी आमच्या डब्याच्या खिडकीतून पाहिलं... आम्ही मुलांना घेऊन कसेबसे त्याच गाडीत चढलो होतो. पुढच्या स्टेशनवर माझे यजमान उतरून डब्याडब्यातून हाका मारत फिरले. नंदुरबारला, दोंडाईच्याला, अमळनेरलाही तेच. मुलगी नव्हती.

तो माणूस म्हणजे सुकलाल, बमरोलीत लूमवर कामाला. मुलीचं नाव मंगल. नानाने आपल्या हुद्द्याचा जेवढा म्हणून वापर करता येईल तेवढा केला. तापी लाइनच्या प्रत्येक स्टेशनमास्तरला फोन केले, पोलिसांना भेटला, सुकलालला जीपमध्ये घालून भुसावळपर्यंत जाऊन आला. मंगल सापडली नाही.

त्यानंतर तो दिल्लीला गेला आणि आपली योजना चालणार नाही, असं त्याने स्वतःच वरिष्ठांना सांगितलं. पळणारं शहर मी डोळ्यांनी पाहिलंय, तो म्हणाला, आपल्या भोंग्याने यातलं कोणी घरात बसणार नाही, आणि आपल्या बसपर्यंत कोणी थांबणार नाही. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "बोरसे, तो प्लेग होता. आपला विषय वेगळा आहे." त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. मग त्याला एका टेबलावर बसवलं, जिथे कोणताच कागद येत नसे. वर्षभराने त्याने निवृत्ती मागून घेतली आणि तो उधन्यातच राहिला. योजना मात्र आहे तशीच मंजूर झाली. त्याच्या हाताखालच्या एकाने हे त्याला आनंदाने फोनवर कळवलं, साहेबांचं काम मार्गी लागलं म्हणून.

गेल्या वर्षी अणुचाचण्या झाल्या त्या संध्याकाळी मी नानाकडे होते; त्याच्या गल्लीत फटाके फुटले. शेजारी पेढे घेऊन नानाकडे आले. "साहेब, यात तुमचाही हात असेल!" नानाने पेढा घेतला, आभार मानले. ते गेल्यावर मला म्हणाला, "सुमन, आता त्यांच्याकडेही असेच पेढे वाटतील. आणि तिकडेही कोणीतरी माझ्यासारखा बस मोजत बसला असेल." थोड्याच दिवसांत सीमेपलीकडेही स्फोट झाले. नाना तेव्हा एकूणच फारसा बोलेनासा झाला होता.

बोलायचा तो रविवारी, सुकलाल यायचा तेव्हा. सुट्टीच्या दिवशी सुकलाल बमरोलीहून सायकलने यायचा, उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसायचा आणि अहिराणीत विचारायचा, "सायेब, काही कळनं का?" नाना म्हणायचा, "चालू शे शोध. धीर धर." मग दोघं चहा प्यायचे. शोध केव्हाच थांबला होता. पोलिसांनी प्रकरण बंद केलं होतं, हे नानाला ठाऊक होतं, वहिनींना आणि मलाही. मी एकदा त्याला म्हटलं, "त्याला खरं सांगून टाक ना." नाना म्हणाला, "सांगून त्याच्या हातात काय देऊ?"

दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या रविवारी सुकलाल आला. स्टुलावर बसला. वहिनींनी चहा दिला, तो त्याने संपवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, नाना तुम्हाला सांगायचा ते..." त्याने हात वर करून मला थांबवलं. "माले माहीत व्हतं, ताई," तो म्हणाला. "शोध कधीनाच बंद पडेल शे. पन सायेबले वाटे, माले खरं वाटस. म्हनीसन मी येत ऱ्हायनू." शोध केव्हाच थांबलाय हे ठाऊक असूनही, नानाला बरं वाटावं म्हणून तो येत होता, आणि त्याला बरं वाटावं म्हणून नाना खोटं बोलत होता.

कपबशी त्याने स्वतः मोरीत नेऊन विसळली, आणि गेला. त्यानंतर तो आलेला नाही. मी रविवारी वहिनींकडे जाते, तेव्हा स्टूल उंबऱ्याजवळच असतं. वहिनी ते उचलत नाहीत, मीही नाही. जाता-येता आम्ही त्याला वळसा घालतो.